मोमोच्या हातातला कागद

दरवर्षी फेब्रुवारी आला की कार्निव्हलसाठी पणजीच्या रस्त्याकडेला कठडे उभे राहतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही उभा राहतो. एक बाजू म्हणते, हा पोर्तुगिजांचा सण. त्यांना १९६१ साली घालवले, मग त्यांचा सण सरकारी तिजोरीतून कशासाठी? वर दारू, अंगविक्षेप आणि बाहेरून आलेल्या झुंडी. दुसरी बाजू म्हणते, हीच आमची ओळख. कार्निव्हलला हात लावाल तर गोंयकारपणालाच हात लावाल, शिवाय हॉटेले भरतात, चार लोकांच्या हाताला काम मिळते. मराठी आणि कोंकणी वर्तमानपत्रांतून मी हा वाद वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. तो दरवर्षी एकाच खुंटीला बांधलेला असतो: सण आपला की परका? माझे म्हणणे असे की ही खुंटीच चुकीच्या जागी ठोकलेली आहे. गोव्यातली ख्रिस्ती खेडी या सणाला इंत्रुज म्हणतात, आणि इंत्रुज गोव्याचाच आहे. याबद्दल शंका घ्यायला मला जागा दिसत नाही. विचारायला हवे ते वेगळेच. शनिवारी पणजीत जी मिरवणूक निघते ती इंत्रुज आहे का? मला ती इंत्रुज वाटत नाही. पोर्तुगीज म्हणून नव्हे. जो तिचा खर्च करतो त्याची थट्टा तिच्यात होऊ शकत नाही आणि जो ती पाहायला येतो त्याला तिच्यात जागा नाही, म्हणून.

आधी नावाचे बघू. ‘कार्निव्हल’ हा शब्द मांस दूर सारण्याच्या लॅटिन शब्दप्रयोगातून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘इंत्रुज’ हे पोर्तुगीज ‘एंत्रुदू’चे कोंकणी रूप, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘प्रवेश’ या अर्थाचा शब्द आहे. प्रवेश कशात? ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात. राखेच्या बुधवारी माणूस इगर्जीत जातो, पाद्री कपाळाला राख लावतो आणि तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस याची आठवण करून देतो. पुढचे चाळीस दिवस खाण्यापिण्यावर आवर, घरात लग्नकार्य नाही. त्या बुधवारच्या आधीचे हे चार दिवस. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला लागू नये, कारण त्याच्याकडे गटारी आहे. आषाढ संपून श्रावण लागायच्या आदल्या दिवसांत मटणाच्या दुकानापुढे जी रांग लागते, तिच्यातला प्रत्येक जण इंत्रुजाचा अर्थ जाणतो. तिला गटारी म्हणू नका, दीप अमावास्या म्हणा, असा आग्रह दरवर्षी होतो. दिवे पुजणे सुंदरच आहे, पण त्या आग्रहाने रांग कमी होत नाही. महिनाभर स्वतःला आवरणार असलेला माणूस आवरायच्या आधी एकदा मोकळा होऊ पाहतो आणि त्या मोकळेपणाला पुढच्या उपवासाची कड असते. ती कड काढून टाकली की उरते ती फक्त पार्टी. गोव्याच्या चर्चने शहरांतल्या मिरवणुकीपासून वेळोवेळी स्वतःला दूर ठेवले, त्याची दखल आपल्या वादात फारशी कोणी घेत नाही. जो सण ‘ख्रिश्चनांचा’ म्हणून एक बाजू झोडपते आणि दुसरी मिरवते, त्याच्या आजच्या शहरी रूपाशी चर्चलाच नाते सांगायचे नाही.

आता ‘परका’ या शब्दाकडे वळतो. पोर्तुगालचा जुना एंत्रुदू ही रस्त्यावरची झोंबाझोंबी होती. एकमेकांवर पाणी ओतायचे, पीठ उधळायचे, अंडी फेकायची. तोच ब्राझीलला गेला आणि तिथे मेणाच्या पातळ लिंबांत सुगंधी पाणी भरून ती फेकायची रीत पडली. एकोणिसाव्या शतकात रिओच्या प्रतिष्ठितांना हे सारे गावंढळ वाटू लागले. एंत्रुदूवर पुनःपुन्हा बंदी आली. त्याच्या जागी १८४० पासून युरोपच्या धर्तीवर मुखवट्यांची नृत्ये आणि शतकाच्या मध्यावर सजवलेल्या गाड्यांच्या मिरवणुका सुरू झाल्या. म्हणजे चित्ररथांची मिरवणूक तिथे अवतरली ती एंत्रुदूला रस्त्यावरून हुसकावण्यासाठी! गोव्यात मुक्तीनंतर सण मंदावला होता. १९६५ साली तिमोतेयू फर्नांडिस या संगीतकाराने तो पणजीत पुन्हा उभा केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रिओ होते. कार्निव्हलच्या संध्याकाळी पणजीत जिथे खाणे-गाणे चालते त्या जागेचे नावही ‘सांबा स्क्वेअर’. मग मिरवणुकीला पोर्तुगीज वारसा म्हणून शिव्या घालणारे आणि पोर्तुगीज वारसा म्हणून छातीशी धरणारे, दोघेही कोणत्या वारशाबद्दल बोलत आहेत? जुन्या एंत्रुदूचा खरा वंशज शोधायचा तर चित्ररथ सोडून पिठाची पुडी शोधावी लागेल, आणि ती पुडी ज्यांच्या हातात होती ती माणसे गोव्यातल्या साष्टी-बार्देस तालुक्यांचे शेतकरी, रेंदेर (माडी काढणारे) आणि खारवी होती. त्यांना आपण परके म्हणणार आहोत का?

काही वर्षांपूर्वी इंत्रुजाच्या सोमवारी रात्री मी साष्टीतल्या चांदर गावी गेलो होतो. आदल्या शनिवारी पणजीत कठड्याला टेकून चार तास उभा राहिलो होतो. समोरून रथ गेले, ध्वनिवर्धक गेले, हात हलवणारी माणसे गेली. मागे उभ्या असलेल्या कुटुंबातली पोरे सुरुवातीला नाचत होती, नंतर कंटाळून आईच्या कडेवर झोपली. चांदरला रात्री मुसळ खेळ होता. पायांत घुंगरू, हातांत उंच मुसळे, आणि ती मुसळे तालात जमिनीवर आपटत माणसे घराघरांपुढून जात होती. जमीन हादरते हे तळपायाला कळते. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, भोजांची आणि नंतर कदंबांची राजधानी. गावातली परंपरा या नाचाचे नाते विजयनगरच्या हरिहराच्या विजयाशी जोडते. नाचणारे ख्रिस्ती, मुहूर्त उपवासकाळाच्या तोंडावरचा, आठवण विजयनगरची. हा सण आपला की परका, हे त्या अंगणात उभे राहून कोणी ठरवून दाखवावे.

या ठिकाणी मला एक तर्क मांडावासा वाटतो. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या त्याच्या फर्मानाने नवख्रिस्ती घरांतल्या साध्यासाध्या गोष्टींवर बोट ठेवले: लग्नातल्या ओव्या, दारची तुळस, विडा-सुपारी. जिथे लग्नमंडपातली ओवी गुन्हा ठरत होती तिथे मुसळांचा हा नाच कसा वाचला? माझ्या मते, तो इंत्रुजाच्या आडोशाने वाचला. वर्षात चार दिवस असे होते की नियमांची पकड सैल पडे, सोंग घेतलेल्या माणसाला कोणी हटकत नसे. पूर्वजांचा नाच सोंग म्हणून नाचता येत होता. तसे असेल तर ज्या सणाला आपण वसाहतीचा अवशेष म्हणतो त्याने वसाहतीच्या आधीची एक गोष्ट पोटात सांभाळून आपल्या हाती दिली. या तर्काला कागदोपत्री पुरावा मी देऊ शकत नाही. पण नाच आजही आहे आणि तो इंत्रुजातच आहे, एवढे कोणीही जाऊन पाहू शकतो.

साष्टीतला दुसरा प्रकार खेळांचा. जमिनीवरचा खेळ, म्हणजे रंगमंच नाही, पडदा नाही. चमू वाजतगाजत एखाद्या घराच्या अंगणात यायचा आणि तिथेच तास-दीड तासात गोष्ट उभी करायचा. भाटकार (जमीनदार), सरपंच, बोटीवरून सुट्टीला आलेला तारवटी, नव्या सुनेवर उठलेली सासू, सगळे त्यात यायचे. प्रेक्षक गोलाकार बसलेले आणि पात्रांपासून हातभर अंतरावर. ज्याच्यावर बोट रोखले जाते तो कधीकधी त्याच घोळक्यात बसलेला. १९७० च्या दशकात हे खेळ रंगमंचावर चढले, तिकिटे लागली, त्यातून खेळ-तियात्र हा कोंकणी नाट्यप्रकार तयार झाला आणि त्याने शेकडो कलावंतांना पोसले. ती प्रगतीच. तरीही अंगणातल्या खेळात एक गोष्ट होती जी तिकीट लावून मिळत नाही. नाटक बघायला तुम्ही गेला नव्हता, ते तुमच्या दारात आले होते आणि तुम्ही त्यात सापडला होता. मिखाईल बाख्तिन या रशियन विचारवंताने कार्निव्हलबद्दल म्हटले ते हेच: त्याच्यात नट आणि प्रेक्षक अशी फाळणी नसते, लोक तो पाहत नाहीत, त्यात राहतात. कोकणातला वाचक हे शिमग्यावरून ओळखेल. संकासूर अंगावर धावून येतो तेव्हा पळणारे पोर प्रेक्षक असते का?

विरोधकांच्या सगळ्यात बळकट मुद्द्याला टाळून मला पुढे जायचे नाही. तो मुद्दा परकेपणाचा नाही, अश्लीलतेच्या नावाखाली जे बोलले जाते त्याच्या आत दडलेला आहे. उलथापालथीचा हा सण खरोखर कोणाला उलथवतो? १९८० च्या दशकात गोव्यातल्या महिला संघटनांनी मिरवणुकीतल्या स्त्रीदेहाच्या प्रदर्शनाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांना सोवळ्या म्हणून हिणवणे सोपे होते. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. गर्दीत बाईच्या अंगावर पडणारा हात हा सत्तेची टर उडवत नसतो. आपल्याकडच्या धुळवडीतही ‘बुरा न मानो’चा सगळ्यात जास्त जाच कोणाला झाला, हे प्रत्येक मराठी बाई सांगेल. इतिहास तर याहून काळा आहे. रोमच्या कार्निव्हलमध्ये १४६६ पासून ज्यूंना शर्यतीत पळवले जाई आणि दुतर्फा उभी गर्दी त्यांची विटंबना करी. पोप नववे क्लेमेंट यांनी १६६८ साली ते थांबवले, तेही त्याबदल्यात पैसा घेऊन. मोकळीक मिळाली की माणूस वरच्याला चिमटा काढतोच असे नाही. पुष्कळदा तो खालच्याला लाथ मारतो. कार्निव्हलचे गोडवे गाणाऱ्यांनी हे गिळून टाकता कामा नये.

पण मग रोमच्या उदाहरणात बारकाईने पाहा. ती शर्यत कोणी भरवली होती? पोपच्या राजवटीने. लोकांचे मन रमवण्यासाठी, सज्जांतून बघण्यासाठी, बक्षिसे लावून. लोक प्रेक्षक होते, आणि प्रेक्षकांना खूश ठेवायचे तर हसण्यासाठी कोणीतरी द्यावे लागते. राज्यकर्ता स्वतःला तर देणार नाही. मग तो दुबळ्याला पुढे करतो. चित्ररथावर कमी कपड्यांतली मुलगी उभी करण्यामागे याहून वेगळा हिशेब आहे का? बघ्यांसाठी रचलेल्या तमाशाला बघण्याजोगे काहीतरी लागतेच. हा नियम लोखंडी आहे असे मी म्हणत नाही. ब्राझीलच्या जुन्या एंत्रुदूत मालकाने गुलामावर पाणी फेकावे आणि गुलामाने उलट फेकू नये, असेही होते. खेड्यातल्या खेळांतही सुनेची थट्टा सासूपेक्षा सोपी असते. तरी अंगणात एक वेसण होती. ज्याची थट्टा करायची त्याच्या विहिरीवर उद्या पाणी भरायला जायचे होते. शहरातल्या कठड्याशी उभ्या दोन अनोळखी माणसांमध्ये ती वेसण नाही. छेडछाडीवरचा उपाय म्हणून रथांवर कपड्यांचे नियम लादण्यापेक्षा रस्त्यावरची बाई बघ्यांच्या घोळक्यातून बाहेर येऊन सणाची मालकीण कशी होईल, हे पाहणे जास्त कामाचे आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. हा सगळा बंडखोरपणा लुटुपुटीचा, असे ते म्हणतात. चार दिवस राजाला विदूषक म्हणा, पाचव्या दिवशी त्याच्याच शेतावर राबायला जा. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये मूर्खांच्या सणाची तरफदारी करणारे खुद्द हेच सांगत: दारूच्या पिंपाचे बूच अधूनमधून उघडले नाही तर पिंप फुटते. यात तथ्य आहेच. पण हा सण फक्त वाफ सोडण्यापुरता असता तर सत्तेला त्याची इतकी धास्ती का वाटावी? फ्रान्समधल्या रोमां गावी १५८० च्या कार्निव्हलमध्ये कारागिरांनी नाचता नाचता श्रीमंतांना टोमणे मारले, तर घाबरलेल्या श्रीमंतांनी त्यांच्या पुढाऱ्याचा खून पाडला. त्रिनिदादची गोष्ट तर आपण भारतीयांनी पाठच करावी अशी आहे. तिथला कार्निव्हल आधी फ्रेंच मळेवाल्यांचा होता. १८३८ साली गुलामगिरी पूर्ण संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी तो ताब्यात घेतला आणि मशाली, काठ्या, ढोल घेऊन ते रस्त्यावर आले. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलिसांनी त्यांना अडवले तेव्हा मोठी चकमक झाली. इंग्रज सरकारने १८८४ साली कायदा करून ढोल आणि मशालींवर बंदी आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सान फर्नांडोला उसाच्या मळ्यांतल्या भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि डझनाहून अधिक माणसे मेली. ताबूत उचलणाऱ्यांत हिंदू मजूरही होते. काळ्यांचा कार्निव्हल आणि गिरमिटियांचा ताबूत, सरकारच्या लेखी दोन्ही एकच धोका होते.

बंदीनंतर काय झाले? ढोल गेले, तर लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. त्यानंतर बिस्किटांचे डबे आले, आणि १९३० ते ४० च्या दशकांत तेलाची पिंपे ठोकूनठाकून त्यांतून सूर काढले गेले. तेच स्टीलपॅन. १९९२ साली ते त्रिनिदादचे राष्ट्रीय वाद्य झाले. चांदरची मुसळे आणि पोर्ट ऑफ स्पेनचे बांबू यांच्यात मला तरी एक नाते दिसते. बाकीचे सगळे काढून घेतल्यावर जमीन उरते, आणि तिच्यातून ताल काढता येतो.

तिसरा आक्षेप सरकारी कार्निव्हलच्या समर्थकांचा आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. ते विचारतात, रिओतही सरकारचा पैसा असतो, तिकिटे असतात, खास त्यासाठी १९८४ साली बांधलेले प्रेक्षागार आहे, मग रिओ का मेले नाही? प्रश्न रास्त आहे. सरकारी पैसा म्हणजे विष, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण रिओच्या रथाखाली काय आहे ते बघा. सांबाच्या शाळा एकेका वस्तीच्या आहेत. १९३२ साली पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून मांगेरासारख्या वस्त्या वर्षभर शिवतात, घडवतात, तालीम करतात आणि हजारोंच्या संख्येने चालत येतात. रथ हा त्या वर्षभराच्या कामाचा शेवटचा थर आहे. म्हणून त्यांचे तोंड बंद करता येत नाही. २०१८ साली पराइझो दो तुयुती या शाळेने राष्ट्राध्यक्षाची पट्टी ल्यालेला रक्तपिपासू व्हॅम्पायर रथावर उभा केला, ब्राझीलमधल्या गुलामगिरीचा आणि मजुरांच्या पिळवणुकीचा पाढा वाचला, आणि स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. जर्मनीतल्या कोलोनच्या कार्निव्हलमध्येही नेत्यांचे कागदी पुतळे काढून त्यांची साले काढली जातात. पैसा कोणाचा आहे, हा पुढचा प्रश्न. ज्याचा पैसा आहे त्याची टिंगल करण्याची हिंमत मिरवणुकीत आहे का? पणजीत रथाचे बक्षीस सरकारी, वाट सरकारी, झेंडा दाखवायला मंत्री. अशा ठिकाणी खाणींवर, जमिनीच्या रूपांतरांवर, म्हादईच्या पाण्यावर, कॅसिनोंवर कोण बोलणार? काही गावांतली मंडळे पारंपरिक विभागात मेहनतीने रथ करतात, रापणकार (काठावरून मोठे जाळे ओढणारे मासेमार) दाखवतात, पोदेर (पाववाले) दाखवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण रापण काठावरून का हटली ते त्या रथाने सांगू नये, अशी मुकी अट त्या व्यवस्थेत आहे.

किंग मोमोकडे, कार्निव्हलच्या या सोंगाच्या राजाकडे पाहा. हे नाव आले आहे मोमस या ग्रीक देवतेवरून. थट्टा हाच त्याचा धंदा. देवादिकांच्या खोड्या काढतो म्हणून त्याला ऑलिंपसवरून हाकलून दिले, अशी कथा आहे. गोव्याचा मोमो रथावर उभा राहतो आणि हातातल्या कागदावरून चार दिवसांचे फर्मान वाचतो: खा, पिये आनी मजा कर. ज्याने देवांना सोडले नाही त्याच्या तोंडी पर्यटन खात्याला आवडेल असे एवढेच वाक्य! मला दरवर्षी वाटते, त्या कागदावर दुसरे काही का नसावे? चार दिवसांसाठी राज्य जर खरोखर त्याच्या हाती दिले आहे, तर गावोगावी साचलेल्या कचऱ्याबद्दल, विकल्या गेलेल्या डोंगरांबद्दल त्याने आज्ञा का काढू नये? ती पाळली जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण ती मोठ्याने वाचली जाईल, मंत्री शेजारी उभा असेल आणि लोक हसतील.

मिळकतीचा मुद्दा मी नाकारत नाही. बँडवाले, शिंपी, सुतार, गायक, रस्त्यावर चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) विकणारी बाई, सगळ्यांचे चार दिवस बरे जातात. पण व्हेनिसकडे पाहून मला भीती वाटते. तिथला कार्निव्हल १७९७ साली प्रजासत्ताक बुडाल्यावर विझत गेला आणि १९७९ च्या सुमारास पुन्हा पेटवण्यात आला. आज जगभरातून लोक मुखवटे घालून तिथे फोटो काढायला जातात. त्याच काळात जुन्या शहरातली वस्ती १९५१ मधल्या पावणेदोन लाखांवरून आटत २०२२ साली पन्नास हजारांच्या खाली गेली. कार्निव्हलने गाव रिकामे केले असे मी म्हणणार नाही, त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण गाव रिकामे होत असतानाही सण फुलत राहू शकतो, हे व्हेनिसने दाखवले. ज्या खेड्यांत दुसऱ्या घरांना कुलपे वाढत आहेत त्या गोव्याने हे आपल्यापासून दूर आहे असे समजू नये.

आणि शिगमो, गोव्याचा शिमगा? कार्निव्हलवर एवढा खर्च, मग शिगम्यावर का नाही, ही तक्रार मराठी वर्तमानपत्रांत नेहमी येते. समान वागणूक मागणे न्यायाचेच आहे. पण मागतो आहोत काय ते तरी बघू या. शहरांत शिगम्याच्याही चित्ररथांच्या मिरवणुका सुरू झाल्या, त्यांनाही बक्षिसे लागली, तिथेही कठडे आले, तिथेही मंत्री. दिचोली-सत्तरीतली घोडेमोडणी, म्हणजे घोड्याचे सोंग बांधून केलेला नाच, गावच्या देवाच्या मांडावरून निघते, वाटेत कुठे थांबायचे, कोणाच्या दारात जायचे हे ठरलेले असते. तीच घोडेमोडणी रथावर चढवून परीक्षकांपुढे तीन मिनिटे नाचवली की तिच्यातले काय उरते? साळ गावच्या गडेउत्सवाला किंवा झर्मे गावच्या चोरोत्सवाला, शिगम्यातल्या या विधींना, रथावर बसवून पाहा. बसणार नाहीत. कार्निव्हलला जे झाले तेच शिगम्याला व्हावे अशी मागणी आपण करत आहोत आणि त्याला अभिमान म्हणत आहोत. चांदरचा मुसळ खेळणारा आणि सत्तरीचा घोडेमोडणी नाचणारा एकाच बाजूला आहेत. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारा वाद दोघांचाही नाही.

मुसळाच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, मी चांदरच्या रस्त्यावर कपाळाला राख लावलेली माणसे पाहिली. घराघरांत होळीनंतर धुळवडीच्या सकाळी आम्ही जी राख लावतो तिच्यात आणि हिच्यात फरक एवढाच की आमच्याकडे आधी राख आणि मग दंगा, इथे आधी दंगा आणि मग राख. शहरातल्या मिरवणुकीला हा बुधवार नाही. दुसऱ्या दिवशी पालिकेचे कामगार रस्ता झाडतात आणि कठडे ट्रकमध्ये भरतात.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. मिरवणूक हवी त्यांनी जरूर काढावी, हॉटेलांनी आणि कंपन्यांनी तिचा खर्च उचलावा आणि तिला जाहिरात म्हणावे. सरकारने मडगावच्या मिरवणुकीचे एका वर्षाचे पैसे साष्टीतल्या खेळांच्या चमूंना अटींशिवाय द्यावेत. ‘अटींशिवाय’ हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे: संहिता आधी वाचायला मागायची नाही, उद्घाटनाला कोणी पाठवायचे नाही. चार रात्री वाड्यांवरचे रस्ते वाहनांना बंद ठेवावेत. पोलीस ठेवावेत, त्यांत बायका पुरेशा असाव्यात आणि छेडछाडीची तक्रार त्याच रात्री, त्याच वाड्यावर नोंदवली जावी. खेड्यांत कठडे उभारू नयेत. आणि पणजीत तो रथ निघणारच असेल, तर मोमोच्या हातातला कागद पर्यटन खात्याने लिहू नये. त्या वर्षी जो कोणी मोमो होईल त्यानेच तो लिहावा, आणि रथ हलेपर्यंत त्यात काय आहे हे कोणाला कळू नये.